रेटिंग द्या, पण कारणासह

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीने, जगभरातल्या आपल्या सुमारे ५ टक्के कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. धंदा बसला म्हणून ही कपात झालेली नव्हती. कामगिरीत मागे असलेल्यांना यंदा नेहमीपेक्षा लवकर बाहेर काढले जाईल, असे कंपनीचे प्रमुख मार्क झकरबर्ग यांनी जानेवारीतच कर्मचाऱ्यांना कळवले होते. जर्मनी, फ्रान्स, इटली आणि नेदरलँड्समधल्या कर्मचाऱ्यांना मात्र या कपातीतून वगळण्यात आले. तिथले स्थानिक कायदे आडवे येत होते, असे कंपनीच्या अंतर्गत सूचनांच्या आधारे रॉयटर्सने दिलेल्या बातमीत म्हटले होते. युरोप, आशिया आणि आफ्रिकेतल्या इतर डझनभराहून अधिक देशांत नोटिसा गेल्या. कंपनी तीच, धोरण तेच. पण ‘कामगिरी कमी’ हा शिक्का बसल्यावर नोकरी जाणार की राहणार, हे त्या माणसाची खुर्ची कोणत्या देशात आहे यावर ठरले. बहुराष्ट्रीय कंपन्यांतल्या कामगिरी मूल्यमापनाची आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा पगारवाढीच्या टक्क्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. ती या फरकापासून सुरू व्हायला हवी.

महाराष्ट्रासाठी हा विषय दूरचा नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी भारतात उघडलेल्या स्वतःच्या केंद्रांची संख्या २०२४ मध्ये १,७०० च्या वर गेली होती आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसे काम करत होती, अशी नॅसकॉम आणि झिनोव्ह यांच्या अहवालाची नोंद आहे. उद्योगजगत या केंद्रांना जीसीसी म्हणते. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, ऐरोली, पवई इथल्या काचेच्या इमारतींत यातली कितीतरी केंद्रे आहेत. राज्य सरकारने २०२५ मध्ये खास त्यांच्यासाठी धोरण मंजूर केले, त्यात ४०० नवी केंद्रे आणि ४ लाख रोजगार यांचे उद्दिष्ट आहे. म्हणजे मराठी घरांतली येती पिढी मोठ्या संख्येने अशा ठिकाणी काम करणार, जिथे वर्षाच्या शेवटी एक आकडा किंवा एक शेरा तिच्या पगाराचा, बढतीचा आणि कधी कधी नोकरीचाच निकाल लावतो. तो आकडा कसा तयार होतो, हे तिला कळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की कंपन्यांनी कामगिरी जरूर मोजावी, कामचुकारांना बाहेरही काढावे. पण इतके लोक खालच्या पायरीवर हवेतच, असा आधी ठरलेला कोटा नसावा. आणि दिलेल्या प्रत्येक रेटिंगमागचे कारण लेखी मिळण्याचा व त्यावर दाद मागण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा. भारतातल्या सरकारी नोकराला आपली नोंद पाहण्याचा व तिच्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने कधीच दिला आहे. खासगी नोकराला तोही नाही.

कोट्याची ही कल्पना प्रसिद्ध झाली ती जनरल इलेक्ट्रिकमुळे. १९८१ ते २००१ या काळात कंपनीचे प्रमुख असलेल्या जॅक वेल्च यांनी माणसांची विभागणी वरचे २०, मधले ७० आणि खालचे १० टक्के अशी केली. वरच्यांना भरभरून द्यायचे, खालच्या १० टक्क्यांना दरवर्षी निरोप द्यायचा. वेल्च यांच्या काळात कंपनीचे बाजारमूल्य प्रचंड वाढले, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पद्धतीला यशाचे श्रेय मिळाले आणि जगभरच्या कंपन्यांनी ही विभागणी उचलली. एनरॉन कंपनीने तिचे उत्साहाने अनुकरण केले. फोर्डने २००० मध्ये ए, बी, सी श्रेणींची अशीच योजना आणली. वयाने मोठ्या कर्मचाऱ्यांना मुद्दाम खालची श्रेणी दिली जाते, अशा तक्रारींचे खटले उभे राहिले. पुढच्याच वर्षी योजना गुंडाळावी लागली आणि तडजोडीपोटी कोटी डॉलरच्या घरात रक्कम मोजावी लागली. मायक्रोसॉफ्टमध्ये ही पद्धत कित्येक वर्षे टिकली. २०१२ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात कर्ट आयशेनवाल्ड यांनी कंपनीच्या घसरणीवर दीर्घ लेख लिहिला. ज्यांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या त्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सर्वांत घातक गोष्ट म्हणून बोट ठेवले ते या क्रमवारीवर. बाहेरच्या स्पर्धकाशी लढायचे सोडून माणसे शेजारच्या टेबलाशी लढू लागली होती. हुशार माणसे हुशार माणसांच्या टीममध्ये जायला कचरत होती, कारण तिथे गेले की कुणीतरी तळाला जाणार हे ठरलेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती बंद केली.

त्याआधीच अ‍ॅडोबीने वार्षिक मूल्यमापनाचा सगळा पसारा मोडला होता. या निर्णयाचा भारताशी थेट संबंध आहे. मार्च २०१२ मध्ये कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख डॉना मॉरिस भारतात आल्या असताना त्यांनी ‘इकॉनॉमिक टाइम्स’च्या वार्ताहरापुढे ही पद्धत रद्द करण्याचा विचार बोलून दाखवला, तो छापून आला आणि मग कंपनीला तो अमलात आणावाच लागला. मॅनेजर मंडळींचे वर्षाला सुमारे ८०,००० तास या सोपस्कारात जात होते, असा हिशेब अ‍ॅडोबीने मांडला. डेलॉइटचा आकडा वर्षाला २० लाख तासांचा होता. २०१५ मध्ये अ‍ॅक्सेंचरने वार्षिक क्रमवारी सोडत असल्याचे जाहीर केले, त्याच सुमारास इन्फोसिसने बेल कर्व्हला, म्हणजे श्रेणींच्या घंटेच्या आकाराच्या ठरीव वाटणीला, निरोप दिला, आणि खुद्द जनरल इलेक्ट्रिकनेही आपला वार्षिक आढावा बदलायला घेतला. हे सगळे वाचून वाटेल की प्रश्न दहा वर्षांपूर्वीच सुटला. तो सुटला नाही. बेल कर्व्ह धोरणाच्या कागदावरून गेली, पण पगारवाढीचे बजेट आणि ते वाटायची रीत तीच राहिली. एखाद्या विभागाला वाढीसाठी ठराविक रक्कम मिळते. सगळ्यांना ‘उत्तम’ म्हटले तर ती पुरत नाही. मग मॅनेजरने भरलेले रेटिंग वरच्या बैठकीत जाते. तिचे नाव कुठे कॅलिब्रेशन, कुठे नॉर्मलायझेशन. तिथे दोन नावे वर सरकतात, तीन खाली येतात. खाली आलेल्या माणसाला मॅनेजर सांगतो, ‘मी तुला चांगलंच दिलं होतं, पण वरून बदललं.’ बहुतेक वेळा ते खरेही असते. ज्याने काम पाहिले त्याने निर्णय घेतला नाही, ज्याने निर्णय घेतला त्याने काम पाहिले नाही. कारण विचारायचे तर विचारायचे कुणाला?

बेल कर्व्हच्या बाजूने गणिताचा आधार दिला जातो. निसर्गात उंची, वजन अशा गोष्टी घंटेच्या आकारात विभागलेल्या असतात, तशीच कामगिरीही असणार, असे हे गृहीतक. पण तो आकार मोठ्या आणि कशीही न निवडलेल्या समूहात दिसतो. आठ जणांच्या टीममध्ये तो शोधणे गणिताच्या विरुद्ध आहे, त्यातही ते आठ जण परीक्षा, मुलाखती आणि प्रोबेशनच्या चाळणीतून निवडलेले असताना. कंपनी एकीकडे आपण फक्त उत्तम माणसेच घेतो असे सांगते आणि दुसरीकडे त्यातला दहावा हिस्सा निकामी असणारच असे धरून चालते. यातले एकच विधान खरे असू शकते. २०१२ मध्ये अर्नेस्ट ओबॉइल आणि हर्मन अग्विनिस यांनी संशोधक, कलावंत, राजकारणी, खेळाडू अशा ६,३३,२६३ जणांच्या कामगिरीचा अभ्यास मांडला. त्यांना घंटा दिसली नाही. थोडे लोक फार पुढे आणि बाकीचे बहुसंख्य सरासरीच्या खाली, असे चित्र दिसले. त्यांच्या निष्कर्षावर नंतर इतर संशोधकांनी आक्षेपही घेतले. मोजण्याची रीत बदलली की आकार बदलतो, हा त्यातला मुख्य मुद्दा. वाद चालू राहो. पण लहान टीमवर ठरलेली टक्केवारी लादावी, असे या वादातल्या कोणत्याच बाजूचे काम सांगत नाही. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी तर वार्षिक मूल्यमापनाची गणना कंपन्यांच्या जीवघेण्या रोगांत केली होती. जपानी कारखान्यांना गुणवत्तेचे धडे देणाऱ्या या संख्याशास्त्रज्ञाचा आक्षेप असा होता की माणसामाणसांत दिसणारा बराचसा फरक कामाच्या व्यवस्थेतून येतो. यंत्र, कच्चा माल, प्रशिक्षण, वरिष्ठांचे निर्णय यांचा भार आपण एकट्या माणसाच्या खात्यावर टाकतो.

माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा २००० सालचा आहे. स्टीव्हन स्कलन, मायकेल माउंट आणि मेनार्ड गॉफ यांनी ४,४९२ मॅनेजरांच्या मूल्यमापनांची चिकित्सा केली. प्रत्येकाला दोन वरिष्ठांनी, दोन सहकाऱ्यांनी आणि दोन कनिष्ठांनी गुण दिले होते. एका माणसाला अनेकांनी गुण दिलेले असल्यामुळे गुणांतला किती फरक त्या माणसाच्या कामामुळे आणि किती गुण देणाऱ्याच्या स्वभावामुळे, हे वेगळे काढता आले. उत्तर असे निघाले: ६२ टक्के फरक गुण देणाऱ्याच्या वैयक्तिक लकबींचा होता. प्रत्यक्ष कामगिरीचा वाटा २१ टक्क्यांच्या आसपास. कुणी मुळातच हात आखडता घेतो, कुणी सढळ असतो, कुणाला नीटनेटके अहवाल भावतात, कुणाला संकटात धावून येणारा. म्हणजे रेटिंग बव्हंशी मॅनेजरविषयी सांगते आणि आपण ते कर्मचाऱ्याच्या फाइलीत लावतो. ते मार्गदर्शनापुरते वापरले तर फारसे बिघडत नाही. पुढच्या महिन्यात दुरुस्त करता येते. पण त्यावर नोकरी बेतली जाते तेव्हा इतक्या कच्च्या मोजमापाला विरोध करण्याची सोय नसणे हा अन्याय आहे. रक्ताचा अहवाल शंकास्पद वाटला तर आपण दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो. इथे दुसरी प्रयोगशाळा नाही.

बहुराष्ट्रीय कंपनीत हा दोष अंतरामुळे वाढतो. टीम पुण्यात, टीमचा प्रत्यक्ष वरिष्ठ म्युनिक किंवा डॅलसमध्ये, त्याचा वरिष्ठ आणखी कुठे. तो आपल्या माणसाला पाहतो ते आठवड्याच्या व्हिडिओ कॉलमध्ये, ईमेलमध्ये आणि तिमाहीच्या सादरीकरणात. जो नीट बोलतो तो दिसतो. एखाद्या बँकेची यंत्रणा भारतीय रात्रीच्या पाळीत बिनबोभाट चालू ठेवणाऱ्या इंजिनिअरचे यश म्हणजे काहीही न बिघडणे, आणि काहीही न बिघडणे कॉलवर दाखवता येत नाही. नवीन उत्पादन बहुधा मुख्यालयात घडते आणि जुने सांभाळण्याचे काम भारतात येते, अशी विभागणी जिथे आहे तिथे सांभाळणाऱ्यांची बाजू कॅलिब्रेशनच्या बैठकीत आधीच लंगडी असते. शिवाय स्वतःचे मूल्यमापन स्वतः लिहायचे, तेही सफाईदार इंग्रजीत आणि स्वतःची थोरवी गात. लातूर-जळगावच्या महाविद्यालयातून आलेल्या, आपल्या कामाची फुशारकी मारू नये अशा वळणात वाढलेल्या मुला-मुलींना ही परीक्षा कामापेक्षा अवघड जाते. मातृत्व रजेचा प्रश्न आणखी गंभीर आहे. २०१७ च्या दुरुस्तीने कायद्याने २६ आठवड्यांची रजा दिली. पण परतलेल्या स्त्रीच्या उरलेल्या निम्म्या वर्षाची तुलना सहकाऱ्यांच्या पूर्ण वर्षाशी होऊ नये, यासाठी कुठलाही स्पष्ट नियम नाही. टीममध्ये कुणाला तरी खालचे रेटिंग द्यायचेच आहे म्हटल्यावर ते जिच्याकडे यंदा दाखवायला कमी आहे तिच्याकडे सरकते. यात मॅनेजर दुष्ट असावा लागत नाही. कोटा असला की पुरेसे असते.

खालच्या रेटिंगनंतर काय होते, हे आयटीतल्या कुठल्याही घरात ठाऊक आहे. पीआयपी लागतो, म्हणजे सुधारणेची तीस, साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत. कागदावर ती संधी असते. काही ठिकाणी ती खरोखर संधी असते आणि माणसे त्यातून सावरतात. पण जिथे निकाल आधी ठरलेला असतो तिथे उद्दिष्टे अशी लिहिली जातात की ती गाठली की नाही हे फक्त मॅनेजरच सांगू शकेल. शेवटी एचआरच्या खोलीत पर्याय ठेवला जातो: राजीनामा द्या, अनुभवाचे पत्र स्वच्छ मिळेल. बहुतेक जण सही करतात, कारण पुढच्या कंपनीची चौकशी इथूनच होणार असते. आणि त्या एका सहीने कायद्याचे दार बंद होते. आपल्या कामगार कायद्यात कपातीच्या वेळी एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार देण्याची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातून चालत आली आहे. राजीनामा ‘स्वेच्छेने’ असला की यातले काहीच लागू होत नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर कायद्याच्या भाषेत कामगार आहे की नाही, हा वाद तर वेगळाच. न्यायालये पदनाम न पाहता प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहतात, पण तिथवर जाईपर्यंत वर्षे जातात आणि नवी नोकरी शोधणाऱ्याला ती वर्षे परवडत नाहीत.

आता सरकारी नोकरीकडे पाहू. तिथेही अनेक दशके ‘गोपनीय अहवाल’ नावाची चीज होती. अहवालात वाईट शेरा असला तरच तो कर्मचाऱ्याला कळवायचा, बाकीचे गुप्त. सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या सेवेतल्या एका कार्यकारी अभियंत्याची बढती अडली. बढतीसाठी सलग पाच वर्षे ‘अतिउत्तम’ लागत होते आणि त्याला १९९३-९४ या एका वर्षी ‘उत्तम’ मिळाले होते. ‘उत्तम’ हा वाईट शेरा नव्हे, म्हणून तो त्याला कळवलाच गेला नव्हता. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला की शेरा वाईट असो, साधारण असो की अतिउत्तम, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला वाजवी मुदतीत कळवलीच पाहिजे आणि त्यावर म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. न कळवणे ही मनमानी आहे. २०१३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने सुखदेव सिंग खटल्यात हे तत्त्व पक्के केले. केंद्राने २००९ मध्येच पद्धत बदलली होती. महाराष्ट्रातही गोपनीय अहवालाच्या जागी कार्यमूल्यमापन अहवाल आला. या निकालातले तर्कशास्त्र साधे आहे: ज्या नोंदीमुळे माझे भवितव्य बदलते ती मला दिसली पाहिजे, आणि ती चुकीची असेल तर लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला तरी मी ते सांगू शकलो पाहिजे. राज्यघटनेचे चौदावे कलम खासगी कंपनीला थेट बांधत नाही, हे खरे. पण एखादी गोष्ट सरकारने केली तर मनमानी आणि कंपनीने केली तर कार्यक्षमता, असे न्यायबुद्धी मानत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. शेरा दाखवायचा, दाद द्यायची म्हटले की वरिष्ठ सगळ्यांनाच वरची श्रेणी देऊन मोकळे होतात. सरकारी कार्यालयांत हे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. कोट्याच्या बाजूनेही पुरावा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात योहानेस बर्गर, क्रिस्टिने हारब्रिंग आणि डिर्क स्लिव्का यांना असे आढळले की वरिष्ठांवर श्रेणींची ठरीव वाटणी बंधनकारक केली की लोकांची उत्पादकता ६ ते १२ टक्क्यांनी वाढते. शिवाय रेटिंग पूर्ण काढून टाकणाऱ्या कंपन्यांत मॅनेजर आणि कर्मचारी यांच्यातला संवाद सुधारण्याऐवजी खालावला, असे सीईबी या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले. म्हणूनच रेटिंग रद्द करा, असे मी म्हणत नाही. पण जर्मन प्रयोगाचा उरलेला अर्धा भागही वाचायला हवा: सहभागी लोकांना एकमेकांचे काम बिघडवण्याची मुभा मिळाली तेव्हा कोट्याचा परिणाम उलटा झाला. प्रयोगशाळेत ही मुभा काढून घेता येते, ऑफिसात येत नाही. तिथे माहिती दडवणे, मदत टाळणे, नवख्याला न शिकवणे यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. स्कलन यांनी सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये संगणकावर केलेल्या प्रतिकृतीचा निष्कर्षही असाच सावध करणारा आहे. तळाच्या माणसांना दरवर्षी काढत गेल्यास पहिली काही वर्षे कामगिरी सुधारते, मग प्रत्येक वर्षी लाभ आटत जातो, कारण काढण्याजोगे लोक संपतात आणि कोटा चालूच राहतो. सढळ रेटिंगला उतारा हवा तर तो कारण लेखी मागण्यातच आहे. ‘अतिउत्तम’ का, हेही मॅनेजरला दोन ठोस उदाहरणांसह लिहावे लागले, तर सरसकट खिरापत वाटणे तितके सोपे राहणार नाही. सरकारी पद्धतीत उणीव आहे ती नेमकी इथे. नोंद उघड झाली, पण तिच्यामागचा पुरावा कुणी मागितला नाही.

जो काम करत नाही त्याचा बोजा काम करणाऱ्यावर पडतो, हा दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. अशा माणसाला जावे लागले तर त्यात अन्याय नाही. पण त्याचे काम खराब आहे हे दाखवता येत असेल, तर कारण लिहून द्यायला कंपनी का कचरते? एका आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेने टोकियोतल्या वार्ताहराला पीआयपी लावून कामगिरीच्या मुद्द्यावर काढले, तेव्हा जपानच्या न्यायालयांनी २०१२ आणि २०१३ मध्ये ती बडतर्फी रद्द ठरवली. नोकरी संपवण्याइतके गंभीर कारण कंपनीला दाखवता आले नव्हते. फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये स्पष्ट केले की मूल्यमापन करणाऱ्यांना पाळावाच लागेल असा पूर्वनिश्चित कोटा असलेली पद्धत बेकायदा आहे. जर्मनीत मूल्यमापनाची सर्वसाधारण तत्त्वे ठरवायची तर कर्मचाऱ्यांच्या निवडून आलेल्या समितीची संमती घ्यावी लागते, १९७२ च्या कायद्याने. या तिन्ही देशांत बहुराष्ट्रीय कंपन्या आहेत, नफ्यात आहेत आणि तिथले नियम त्यांना पाळावे लागतात.

मग उद्योग निघून जातील ही भीती उरते. अशी अट घातली तर कंपन्या हैदराबादला किंवा मनिलाला जातील, असे सांगितले जाईल. कर्नाटकाचा अनुभव याला उत्तर देतो. तिथल्या सरकारने आयटी उद्योगाला सेवाशर्ती ठरवणाऱ्या स्थायी आदेशांच्या कायद्यातून सूट दिली, पण २०१४ पासून तिला अटी जोडल्या: मालक आणि कर्मचारी यांचे समान प्रतिनिधी असलेली तक्रार निवारण समिती हवी, आणि निलंबन, पदावनती, सेवासमाप्ती अशा कारवाईची माहिती कामगार विभागाला द्यायला हवी. या अटींची अंमलबजावणी काटेकोर आहे, असा दावा कुणी करणार नाही. पण अटी आल्या म्हणून बंगळूरु रिकामे झाले नाही. जीसीसींच्या संख्येत ते आजही देशात पहिले आहे. कंपन्या येतात त्या इथल्या अभियंत्यांसाठी, त्यांच्या संख्येसाठी आणि पगारांतल्या तफावतीसाठी. रेटिंगचे कारण चार ओळींत लिहावे लागते म्हणून कुणी हे सोडून जात नाही.

महाराष्ट्राला नवा कायदा करण्याचीही गरज नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत २० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे, दोन्ही बाजूंचे समान सदस्य असलेली आणि स्त्रियांना पुरेसे प्रतिनिधित्व देणारी. रेटिंग, पीआयपी आणि त्यातून आलेला राजीनामा यांबद्दलच्या तक्रारी या समितीपुढे चालतील, असे राज्याने नियमांत नि:संदिग्धपणे लिहावे. व्यवस्थापकीय पदनामाच्या आडून कुणाला त्यातून वगळता येऊ नये म्हणून जीसीसी धोरणाखाली सवलती घेणाऱ्या प्रत्येक कंपनीला करारातच अट घालावी: मूल्यमापनात कोटा नसेल, प्रत्येक रेटिंगचे कारण लेखी मिळेल, ते वरच्या बैठकीत बदलले तर कुणी आणि का बदलले याची नोंद कर्मचाऱ्याला दाखवली जाईल, आणि मातृत्व रजेचा काळ तुलनेतून वगळला जाईल. जनतेच्या पैशातून सवलत देताना एवढे मागण्याचा सरकारला अधिकार आहे. कर्मचाऱ्यांनीही थांबून राहू नये. यंदाचे रेटिंग हातात पडेल तेव्हा, ते चांगले असले तरी, कारण ईमेलवर मागावे आणि मॅनेजरचे उत्तर जपून ठेवावे. राजीनाम्याचा कागद पुढे आला तर त्याच बैठकीत सही करू नये, घरी आणावा, वकिलाला किंवा कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दाखवावा.